साडीने कॅन्सर होतो? आधी नाडी बघा

माझ्या धाकट्या जावेने गेल्या महिन्यात कपाटातले सगळे परकर गाठोड्यात बांधले आणि कामाला येणाऱ्या बाईंना देऊन टाकले. कारण फोनवर आलेला निरोप. ज्या वस्तूने आपल्याला कॅन्सर होईल असं वाटतं, ती दुसरीच्या अंगाला कशी चालते, हे मी तिला विचारलं नाही. घरात भांडायला इतर विषय पुरेसे आहेत. निरोप मात्र नीट वाचला, दोनदा. मी 22 वर्षं परकर-ब्लाउज शिवते आहे आणि परकराच्या नाडीबद्दल कुणी एवढं लिहिलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

निरोपाचे शब्द ग्रुपागणिक बदलतात, सांगणं तेच. साडी नेसणाऱ्या बायकांना ‘साडी कॅन्सर’ नावाचा नवा रोग होतोय. इंग्लंडच्या मेडिकल जर्नलने ते सिद्ध केलंय. दोष परकराच्या नाडीचा. कमरेवर काळा पट्टा दिसला की समजा सुरुवात झाली. आपल्या आज्या नऊवारी नेसायच्या, परकर नव्हता, म्हणून त्या वाचल्या. तेव्हा नाडी फेका आणि इलास्टिकचा शेपवेअर घ्या. खाली खरेदीची लिंक. याच्या पाठोपाठ दुसरा निरोप येतो, पहिल्याला उत्तर म्हणून: हे सगळं थोतांड आहे, साडीला बदनाम करायचा परदेशी डाव आहे. मला दोन्ही पटले नाहीत.

‘नवा रोग’ इथूनच सुरुवात करू, कारण हे खोडणं सगळ्यात सोपं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 सालीच धोतर आणि साडी कमरेला जिथे आवळली जाते तिथे होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय. खानोलकर म्हणजे भारतात कॅन्सरच्या संशोधनाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. परळचं ते हॉस्पिटल तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं. म्हणजे ज्याला आज ‘नवा’ म्हणतात, त्याला 80 वर्षं उलटून गेली. आणि हो, धोतरसुद्धा. हा निरोप पाठवून वर हसण्याची चित्रं टाकणाऱ्या दादालोकांनी एवढं लक्षात ठेवावं.

असे सवयीतून होणारे कॅन्सर आपल्याकडे त्याच्याही आधी नोंदले गेलेत. काश्मिरात थंडीत फेरनच्या, म्हणजे तिथल्या लांब ढगळ झग्याच्या, आत पोटाशी कांगडी नावाची निखाऱ्यांची छोटी शेगडी धरतात. तिच्या धगीने पोटावर, मांडीवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल एल्मस्ली नावाच्या मिशनरी डॉक्टरने 1866 मध्ये लिहिलं होतं. तिथे कारण धग, इथे घर्षण. कातडीचा एकच तुकडा वर्षानुवर्षं दुखावत राहणं, हे दोन्हीकडे सारखं.

आता ‘जर्नलने सिद्ध केलं’. नोव्हेंबर 2024 मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्स या नियतकालिकात एक लेख आला, तिथून ही सगळी लाट उठली. नियतकालिक इंग्लंडचं, लिहिणारे डॉक्टर आपल्या वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे आणि बिहारमधल्या मधुबनीच्या मेडिकल कॉलेजचे. परदेशी डावाची गोष्ट इथेच निकालात निघते. कट वर्ध्यात शिजला असेल तर गोष्ट वेगळी.

‘केस रिपोर्ट’ म्हणजे काय, हे निरोप पाठवणाऱ्यांनी बघितलेलं दिसत नाही. डॉक्टरांपुढे एखादा दुर्मिळ रुग्ण आला की ते बाकीच्या डॉक्टरांसाठी त्याची हकीगत लिहून ठेवतात: असंही घडू शकतं, डोळ्यांत तेल घालून बघा. साडी नेसणाऱ्या आणि न नेसणाऱ्या हजारो बायका मोजून केलेली ती तुलना नसते. या लेखात रुग्ण होत्या दोन. दोनच. ‘साडी नेसल्याने कॅन्सर होतो’ हे वाक्य त्यातून निघत नाही. निघतं ते एवढंच, की कंबर सतत आवळून कातडी वर्षानुवर्षं सोलवटत राहिली आणि जखम भरली नाही, तर क्वचित तिथे कॅन्सर होऊ शकतो.

त्या दोघींची हकीगत नीट वाचली तर निरोपातला आणखी एक मुद्दा आपोआप गळून पडतो. पहिल्या बाई 70 वर्षांच्या. साडीखाली परकर घट्ट बांधायची सवय. उजव्या कुशीला जखम झाली, आजूबाजूच्या कातडीचा रंग उडाला, आणि ती जखम 18 महिने भरली नाही. दुसऱ्या बाई साठीच्या उत्तरार्धातल्या. त्यांचीही जखम उजव्या कुशीलाच, दोन वर्षांची. या बाई 40 वर्षं रोज लुगडं नेसत होत्या, कमरेशी करकचून, आणि आत परकर नव्हता. परकर नाही म्हणजे नाडीही नाही! तरी कॅन्सर झालाच, आणि जांघेतल्या एका गाठीपर्यंत पसरलेला सापडला.

म्हणजे ‘नऊवारीने आज्या वाचल्या’ हे ज्या लेखाच्या नावावर फिरवलं जातंय, त्याच लेखातली अर्धी साक्ष त्याच्या विरुद्ध आहे. लुगडं कमरेशी कसं बांधतात हे जिने पाहिलंय तिला नवल वाटायचं नाही. काष्टा घालून दिवसभर वाकायचं, रोवणी-निंदणी करायची, तर गाठ सैल ठेवून कसं चालेल? खानोलकरांनी 1945 मध्ये लिहिलं, तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांतून बहुतेकजणी लुगडंच नेसत नव्हत्या का?

उरतो नाडीचा दोष. इथे मी निरोपवाल्यांना अर्धे गुण देते. खुद्द वर्ध्याच्या डॉक्टरांचंही म्हणणं होतं की साडीचं नाव उगाच घेतलं जातं, खरा त्रास कमरेशी आवळलेल्या बंदाचा. म्हणून त्यांनी या कॅन्सरला साडीचं नाव न देता पेटिकोटचं दिलं. पण नाडी आणि नाडीत फरक असतो, आणि तो कुठल्याच निरोपात नाही.

दुकानात मुख्यतः दोन जातींच्या नाड्या मिळतात. एक गोल, वेणीसारखी गुंफलेली, बुटाच्या लेसची थोरली बहीण म्हणा. दुसरी चपटी, सुती, पट्टीसारखी विणलेली. पलंगाच्या निवारीची धाकटी बहीण. तयार परकरात बहुतेक वेळा गोल घातलेली असते, ती पण नायलॉनची, कारण स्वस्त पडते आणि नेफ्यातून सरसर ओवली जाते. आता हिशेब करा. कंबर तीच, ओढ तीच. दोरी 3 मिलिमीटर रुंद असेल तर ती सगळी ओढ तेवढ्याच चिंचोळ्या कातडीवर येते. पट्टी 12 मिलिमीटरची असेल तर तीच ओढ चौपट जागेवर वाटली जाते, दाब पाव होतो. कातडीला नाडीचं नाव कळत नाही, रुंदी कळते.

बायका ती इतकी आवळतात का, हेही शिवणारीला माहीत असतं. साडीचं सगळं ओझं परकरावर असतं. निऱ्या खोचल्या की कमरेच्या त्या एका रेषेवर अर्धा-पाऊण किलो कापड लोंबतं, जरीचं असेल तर आणखी. वरून पदराची ओढ. बसमध्ये चढताना निऱ्या सुटतील ही धास्ती जिने एकदा घेतली, ती दुसऱ्या दिवशी श्वास आत ओढून नाडी बांधते. आणि वर निरगाठ! सुरगाठ मारली तर ऐनवेळी सुटेल म्हणून निरगाठ, आणि रात्री ती सुटत नाही म्हणून दातांनी. निरगाठीचा तो खडा दिवसभर कमरेच्या हाडापाशी रुततो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकजणी गाठ उजव्या अंगाला घेतात. दोन रुग्णांवरून नियम बांधता येत नाही, पण गाठीची जागा रोज बदलायला पैसे पडत नाहीत.

चपटी नाडी घेतली म्हणजे काम झालं असंही नाही. पाच-सहा धुण्यांनंतर ती नेफ्यात पिळली जाते, कडा आत वळतात आणि तिची दोरीच होते. परवा एका बाईंच्या परकराची नाडी ओढून काढली तर विकत घेताना बोटभर रुंद असलेली पट्टी काडीसारखी बारीक निघाली, घामाने कडक झालेली, गाठीच्या जागी काळी. उपाय शिंपीकामाचाच आहे. नेफा चांगला दीड इंचाचा ठेवायचा, नाडी सपाट ओवायची आणि पाठीच्या मध्यावर नेफा-नाडी मिळून एक उभी टीप मारायची. नाडी पिळत नाही. शिवाय एक टोक आत पळून गेल्यावर सेफ्टी पिन घेऊन करावी लागणारी ती कसरतही वाचते.

इलास्टिकबद्दल थोडक्यात. इलास्टिक घट्ट असेल तर तेही आवळतंच, आणि नाडी जेवल्यावर दोन बोटं सैल करता येते, इलास्टिक करता येत नाही. त्यातल्या रबराच्या रसायनांची काहींना ॲलर्जी येते, कमरेला लालभडक खाजरा पट्टा उठतो. अंगाला चिकटून बसणाऱ्या शेपवेअरमध्ये मे महिन्यात घाम किती कोंडतो हे मी सांगायला नको. ज्यांना तो आवडतो त्यांनी खुशाल घालावा, साडी चापूनचोपून बसते हे खरंच आहे. पण कॅन्सरची भीती दाखवून खाली लिंक देणं ही दुकानदारी झाली.

आणि तो काळा पट्टा. जावेच्या गाठोड्यामागचं खरं कारण तेच होतं; आरशात तिला कमरेवर काळपट रेघ दिसली होती. ती रेघ साडी नेसणाऱ्या असंख्य बायकांच्या कमरेवर असते. माझ्याही आहे. घासून-आवळून कातडी तिथे जाड होते, काळी पडते. मानेवर मंगळसूत्राची, मनगटावर घट्ट घड्याळाची होते तशी. खाज असेल तर कधी नुसता घाम, कधी नायटा. कोड असलेल्या बाईला घासल्या जाणाऱ्या जागी नवा पांढरा डाग उठू शकतो. यातलं काहीही कॅन्सर नव्हे.

नायट्यावरून आठवलं. औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणून महिनोन्‌महिने चोळू नका. त्यातल्या कितीतरींमध्ये स्टेरॉइड असतं. खाज दबते, नायटा पसरतो आणि कातडी पातळ होते. त्याच कातडीवर मग पुन्हा नाडी.

घाबरायचं कशाला, तर न भरणाऱ्या जखमेला. अशा जुनाट जखमेत किंवा व्रणात उठणाऱ्या कॅन्सरला डॉक्टर मार्जोलिन अल्सर म्हणतात. 1828 मध्ये अशा व्रणांचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच सर्जनचं ते नाव. बहुतेक वेळा तो भाजल्याच्या जुन्या व्रणात होतो, आणि व्हायला सहसा कित्येक वर्षं लागतात. कातडी फाटते, शरीर ती सांधतं, पुन्हा फाटते. सांधणाऱ्या पेशींना उसंतच मिळत नाही आणि एखाद वेळी सांधकाम हाताबाहेर जातं. लवकर सापडला तर तेवढा भाग कापून काढता येतो. उशीर झाला तर त्वचेच्या नेहमीच्या कॅन्सरपेक्षा हा जास्त पसरतो. म्हणून कमरेवरची जखम महिना-दीड महिन्यात भरत नसेल, कडा उचललेल्या वाटत असतील, रक्त किंवा घाण वास येत असेल, जांघेत गाठ लागत असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे किंवा सर्जनकडे जायचं. ते तुकडा काढून तपासायला पाठवतील. निदान त्या तुकड्यावर होतं, फोनवरच्या फोटोवर नाही.

निरोपाने नेमका हाच भाग गाळला, याचा मला राग आहे. 18 महिने आणि दोन वर्षं हे आकडे त्या लेखातले सगळ्यात भयंकर आकडे आहेत. जखम कमरेला, म्हणजे दाखवायची तर परकर सैल करावा लागणार, कुणापुढे? नवऱ्याला सांगायची लाज, सुनेला सांगायचा संकोच, तालुक्याला जायचं तर कामाचा खाडा. हळद लावायची, वर चिंधी ठेवायची, आणि त्याच चिंधीवरून पुन्हा नाडी बांधायची. साडीऐवजी गाऊन घालणाऱ्या बाईलाही हे सगळं असंच लागू आहे. तिच्या भरत नसलेल्या जखमेची जागा तेवढी वेगळी असेल.

जावेला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला समोर उभं केलं, दिवा लावला आणि कमरेवरची रेघ बोटाने चाचपून पाहिली. कोरडी, थोडी खरखरीत, जखम कुठेच नाही. मग चार मीटर पॉपलिन आणायला पाठवलं. दोन नवे परकर शिवले, दीड इंच नेफा, चपटी सुती नाडी, मागे टीप. घालून बघताना तिने सवयीने श्वास आत घेतला.

“सोड,” म्हटलं, “श्वास सोड आणि मग बांध.”

“आणि निऱ्या सुटल्या तर?”

तिला दोन सेफ्टी पिना दिल्या. कामाच्या बाईंना दिलेल्या परकरांच्या नाड्या बदलायला त्यांनाच मशीनवर बोलावलंय, रविवारी.