कॉम्प्रेशन स्टॉकिंग्जबद्दलचा तो मेसेज: खुलासा

‘व्हेरिकोज व्हेन्सचे मोजे रोज धुतले की सैल पडतात, म्हणून आठवड्यातून एकदाच गरम पाण्यात सॉफ्टनर घालून धुवा,’ असा मेसेज फिरतोय. (व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे पायांतल्या फुगलेल्या शिरा; त्यासाठी पायावर दाब देणारे घट्ट मोजे घालतात, तेच कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज.) मागच्या आठवड्यात तो मीही पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

आईच्या मोज्यांच्या पाकिटावरची सूचना नंतर नीट वाचली. त्यात नेमकं उलटं लिहिलंय: रोज धुवा. दिवसभर ताणलेला धागा धुतल्यावर पुन्हा आकसतो, शिवाय घाम आणि त्वचेचं तेल निघून जातं. तेच साचून राहिलं तर इलॅस्टिक लवकर खराब होतं. खूप गरम पाणी, ब्लीच आणि सॉफ्टनर यांनीही तेच होतं. म्हणजे मेसेजमधला एकही सल्ला धड नाही!

कोमट पाणी, सौम्य साबण. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि सावलीत वाळवायचे. इस्त्री किंवा कडक ऊन नको. पायाला क्रीम लावायचं तर रात्री, मोजे काढल्यावर. पावसाळ्यात रात्रीतून वाळत नाहीत, म्हणून दोन जोड हवेतच. (आई एकावरच भागवत होती.)

नीट जपले तरी साधारण सहा महिन्यांनी दाब कमी होतो, तेव्हा बदलावे लागतात. मोजे चढवायला अचानक सोपे जाऊ लागले, तर ते सैल पडले असं समजा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.