भूत फोर-के असेल तरच घाबरावे

भयपट पाहून ‘भ्यालो बुवा’ असे कबूल करायचे दिवस गेले. आता रविवारी सकाळी म्हापशाच्या बाजारात भाजी-पाव खाताना कुणी विचारलेच, ‘काल रात्री काय पाहिलंस रे?’, तर सिनेमाचे नाव घाईने उरकावे, चहाचा घोट घ्यावा आणि पाव तोडता तोडता म्हणावे, ‘ब्लॅक्स बरोबर नव्हते.’ बस्स. रात्री अडीच वाजता न्हाणीघरापर्यंत सोबत म्हणून तुम्ही बायकोला उठवलेत, ही बातमी त्या तीन शब्दांखाली कायमची गाडली जाते. वर समोरचाच ओशाळतो, कारण आपल्या घरचे ब्लॅक्स बरोबर आहेत की नाहीत हे त्याने आजवर पाहिलेलेच नसते.

ब्लॅक्सची, म्हणजे पडद्यावरचे काळे किती काळे दिसते याची, माहिती मात्र थोडी करून घ्या. साध्या एलईडी टीव्हीत पडद्यामागे दिवे पेटलेले असतात. त्यांचा उजेड थोडाफार झिरपतोच आणि रात्रीचा देखावा राखाडी दिसतो. ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि काळे दाखवायची वेळ आली की चक्क विझतो. ही माहिती खरी आहे, म्हणून एका बैठकीत एकदाच वापरावी. खऱ्या माहितीवर लोक उलट प्रश्न विचारतात.

लाख-दीड लाख मोजून असा अस्सल काळोख घरी आणलात की पुढचे काम म्हणजे घरचा काळोख बाहेर काढणे. गोव्यात त्याची टंचाई नाही. आषाढात सत्तरीच्या बाजूला एकदा करंट गेला की जो अंधार पडतो, तो कुठल्याही पॅनेलला जमलेला नाही: स्वतःचा हात दिसत नाही, माडांची सळसळ चहूबाजूंनी ऐकू येते आणि पैसाही पडत नाही. पण तो काळोख आपल्याला चालत नाही. तो आला रे आला की आपण इन्व्हर्टर लावतो आणि त्या इन्व्हर्टरवर टीव्ही लावून विकतचा काळोख बघतो. हे करताना हसू आले तर दाबावे.

आता टीव्ही किती मोठा घ्यावा? भिंतीवर मावेल तेवढा. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. जुन्या फुल एचडीत साधारण २१ लाख. आकडे तोंडपाठ करा. फक्त एक गोष्ट कुणाजवळ बोलू नका. चांगली नजर असलेल्या माणसालाही ५५ इंची पडद्यावरचे फुल एचडीचे ठिपके साधारण ७ फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. आपल्या जुन्या घरांतला सोपा ऐसपैस. टीव्ही पूर्वेच्या भिंतीला आणि आजोबांची आरामखुर्ची वाऱ्यासाठी पश्चिमेच्या खिडकीला, मध्ये चांगले पंधरा फूट. तिथून ८३ लाख काय आणि २१ लाख काय, सारखेच. म्हणून टीव्हीवाल्या घरात मोजपट्टी ठेवू नये. खुर्ची पुढे ओढण्याचा विचार तर मुळीच नको. आजोबा उठणार नाहीत.

टीव्ही आला की सेटिंग. दुकानात त्याचे रंग भडक करून ठेवलेले असतात, कारण तिथल्या ट्यूबलाइटच्या झगमगाटात दहा टीव्हींच्या रांगेतून गिऱ्हाइकाची नजर पकडायची असते. घरी आणल्यावरही ते तसेच ठेवावेत. पैसे रंगांचे दिले आहेत. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही चालू राहू द्यावी. सिनेमा सेकंदाला २४ चौकटी दाखवतो, टीव्ही आपल्या मनाने मधल्या चौकटी बनवून भरतो आणि शंभर वर्षे वाड्यात भटकणारी हडळ संध्याकाळच्या मालिकेतल्या सासूसारखी सरसर चालू लागते. ती भीतिदायक वाटत नाही, पण ‘स्मूद’ वाटते. २०२० पासून काही टीव्हींत ‘फिल्ममेकर मोड’ नावाची सोय येते. दिग्दर्शकाला जसे दाखवायचे होते तसे ती दाखवते, टीव्हीची कलाकुसर बंद करून. ती सापडली तर लगेच बाहेर पडावे. चित्र पिवळट दिसते आणि पाहुणे म्हणतात, जुना टीव्ही काढला नाहीत वाटतं?

वर-खाली काळे पट्टे येतात, त्यांचाही बंदोबस्त हवा. सिनेमा रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला असतो आणि टीव्ही तेवढा रुंद नसतो, म्हणून ते पट्टे. तुम्ही झूम दाबा. डाव्या कोपऱ्यातल्या दाराशी उभे असलेले भूत चौकटीबाहेर जाईल, पण पडद्याचा इंच न् इंच वसूल होईल.

प्रात्यक्षिक पाहायचे असेल तर चतुर्थीला फोंड्याला यायला हवे होते. आरत्या आटोपल्या होत्या, घुमटे भिंतीला टेकवून ठेवली होती, मामी नेवऱ्या डब्यात भरीत होत्या आणि आमच्या भावोजींनी नव्या टीव्हीवर भयपट लावला होता. पोरे एकमेकांना चिकटून बसलेली. माळ्याच्या शिडीवरून एका बाईचे पाऊल खाली येते. मग दुसरे. संगीत थांबते. आणि भावोजींनी सिनेमा थांबवला. उठून पडद्याजवळ गेले, बोट लावले आणि म्हणाले, ‘टाचेच्या भेगा बघा! एकेक मोजून घ्या. जुन्या टीव्हीवर हे दिसलं असतं?’ भेगा खरोखरच स्वच्छ होत्या. सोळा वर्षांच्या पुतण्याने त्या मोजायलाही घेतल्या. मामी हातातली नेवरी तशीच धरून म्हणाल्या, ‘अहो जावईबापू, तिला खाली तरी उतरू द्या. बिचारी पाय अवघडून उभी आहे.’

बाई पुन्हा हलली ती दहा मिनिटांनी. तोवर भावोजींनी एचडीआर म्हणजे काय, उजेड ‘निट्स’मध्ये कसा मोजतात आणि शेजाऱ्याने घेतलेला टीव्ही कसा फसवा आहे, हे सांगून झाले होते. बाई आणखी एक पायरी उतरते न उतरते तोच करंट गेला. घरभर मिट्ट. त्यातून मामींचा शांत आवाज आला, ‘हे ब्लॅक्स बरे आलेत ना?’

भावोजींनी यावर जे केले ते प्रत्येक रसिकाने शिकून घ्यावे. ते हसले नाहीत. त्यांनी काळोखातच बिटरेट समजावून सांगायला सुरुवात केली.

बिटरेट, म्हणजे सेकंदाला चित्राची किती माहिती येते, हा विषयही तसा रसाळ आहे. इंटरनेटवरून येणारा फोर-के सिनेमा सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिटांत बसवलेला असतो. फोर-के ब्लू-रे तबकडीला १२८ पर्यंत मुभा असते. चित्र आवळताना कात्री आधी अंधाऱ्या भागाला लागते, कारण तिथे कोण बघतो! भयपटाचा सगळा जीव नेमका त्याच भागात असतो. त्यामुळे भूत येण्याआधी भिंतीवर करडे चौकोन येतात आणि जाणकार प्रेक्षक चौकोनांनाच दचकतो. यावर तबकड्या जमवणे हा उपाय आहे, पण आपल्याकडच्या दमट हवेत कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरते तिथे तबकड्यांच्या कपाटाकडे कोण बघणार. तेव्हा तबकडीबद्दल फक्त बोलावे.

बोलायला तरी तबकडी कुठे पाहिलेली लागते? बिटरेटवर सर्वांत तावातावाने बोलणारा आमच्या ओळखीचा रसिक सगळे नवे सिनेमे कदंब बसमध्ये, तडा गेलेल्या मोबाइलवर, कुणीतरी धाडलेल्या लिंकवरून बघतो. थिएटरात चोरून टिपलेली ती प्रत. मध्येच एक डोके उठून उजवीकडे जाते आणि पॉपकॉर्न घेऊन परत येते. त्याचे मत: छायाचित्रण सपाट आहे.

जुने भयपट चर्चेत निघाले तर सावध. तिथे तुमचा सगळा डोलारा कोसळण्याचा धोका असतो. १९२२ चा जर्मन ‘नोस्फेराटू’ घ्या. ‘ड्रॅक्युला’च्या लेखकाच्या विधवेने हक्कांवरून दावा लावला आणि कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या, इकडेतिकडे वाचलेल्या प्रतींवरून तो आज आपल्यापर्यंत पोचला आहे. ओरखडे, उड्या, थरथर. तरी जिना चढणाऱ्या त्या सावलीने शंभर वर्षे लोकांची झोप उडवली आहे, हे अडचणीचे आहे. ‘द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर’ १९७४ चा, १६ मिलिमीटरच्या स्वस्त फिल्मवर चित्रित केलेला. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ १९९९ चा. त्यातला पुष्कळ भाग हाय-एट कॅमकॉर्डरवर, म्हणजे तेव्हा लोक ज्याने बारशाचे शूटिंग करीत तसल्या यंत्रावर. २००२ च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मध्ये भल्या पहाटे ओस लंडन चटकन टिपायचे होते, म्हणून छोटे डिजिटल कॅमेरे घेतले. मूळ चित्रातच जेमतेम ५७६ ओळी.

एवढे सगळे मातकट, दाणेदार, हलणारे चित्र आणि लोक मात्र घाबरून अर्धमेले. नीट दिसत नव्हते म्हणूनच ते घाबरले, असा संशय एखाद्या भाबड्याला येईल. त्याला तिथेच रोखा. ‘फोर-के रिमास्टर येईपर्यंत मी हात लावणार नाही,’ असे जाहीर करा. आणि रिमास्टर, म्हणजे जुन्या सिनेमाची नव्याने घडवलेली प्रत, आलाच तर फिल्मचा दाणा दिसतो म्हणून तक्रार करा. दाणा घासून काढला तर चेहरे मेणाचे दिसतात म्हणून तक्रार करा. ‘प्रेडेटर’च्या २०१० मधल्या ब्लू-रेवर लोकांनी हीच तक्रार केली होती आणि ती रास्त होती, त्यामुळे तुमची आपोआप रास्त ठरेल.

थिएटरचे विचाराल तर मुक्काम इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २००४ पासून महोत्सव पणजीत आहे, तेव्हा आपण घरचे यजमान. प्रतिनिधीचे कार्ड गळ्यात अडकवावे आणि महोत्सव संपला तरी काढू नये. मासळी बाजारात ते घालून गेल्यास बांगडा स्वस्त मिळत नाही, पण कोळीण दोनदा बघते. रांगेत पुढच्याला विचारावे, ‘ही प्रत टू-के की फोर-के?’ एक बारीकशी गोष्ट पोटात ठेवा. पुष्कळ थिएटरांत आजही टू-के प्रोजेक्टर असतो, २०४८ गुणिले १०८०. ज्या कमी ठिपक्यांच्या चित्राला कंटाळून तुम्ही घरचा फुल एचडी टीव्ही भाच्याला देऊन टाकलात, जवळपास तेच तिथे तिकीट काढून बघायचे असते. आणि छान दिसते, हे त्याहून वाईट.

‘तुंबाड’चा विषय निघेलच. ‘मी २०१८ मध्येच थिएटरात पाहिला’ असे सांगावे. सगळेच सांगतात. तेव्हा जेवढे जण आत होतो म्हणतात तेवढे खरोखर असते तर २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा लावावा लागला नसता आणि पुन्हा लागल्यावर पहिल्यापेक्षा जास्त धंदाही झाला नसता. त्यातला पाऊस खरा आहे, चार-चार पावसाळे थांबून टिपलेला. बाहेर तसाच पाऊस कोसळत असताना, ओल्या रेनकोटसकट आत शिरून तो बघितला तर अंगावर काटा येतो. काटा आलाच तर एसी जास्त होता म्हणावे.

एवढी तयारी झाली की तुम्ही कुठल्याही मंडळीत बसू शकता. गोष्ट, नट, शेवट यांतले काही ठाऊक असण्याची गरज पडत नाही. धोका फक्त घरच्या लहान मुलांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचे पाव खाता खाता एखादी पुतणी विचारते, ‘काका, पण ती बाई मुळात माळ्यावर राहायची का?’ तुम्ही त्या वेळी सेटिंगमध्ये होता. घाबरू नका. ‘ते डायरेक्टर्स कटमध्ये आहे,’ असे सांगून चहा मागवावा. तो कट गोव्यात कुणाकडे नाही, याची तेवढी आधी खात्री करून घ्यावी.