अठरा भोकांचं पर्यावरण

शेठ, तुम्हाला गोल्फ कोर्स काढायचाय हे ऐकून आनंद झाला. तो ‘पर्यावरणपूरक’ काढायचाय हे ऐकून तर भरूनच आलं. घाबरू नका, यात अवघड काही नाही. सगळं रंगाचं काम आहे. काँक्रीट राखाडी असतं, ते लोकांच्या डोळ्यांत खुपतं. गोल्फ कोर्स हिरवा असतो, आणि आपल्याकडे हिरवं दिसलं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

सगळ्यात आधी जागा. एखादा भोळा माणूस बंद पडलेली खाण बघेल, उजाड टेकाड बघेल. तुम्ही तसलं काही करू नका. उजाड जागेवर हिरवळ केलीत तर लोक ‘बरं केलं’ म्हणून घरी जातील आणि बाजूच्या फ्लॅटला चार पैसे जास्त कोणी देणार नाही. जागा अशी शोधा, जिथे निसर्गाचं आधीच बरं चाललंय.

नवी मुंबईत नेरूळला सीवूड्सच्या बाजूला एकदा चक्कर मारा. भरतीच्या पाण्याची उथळ तळी, कडेला तिवरं आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत हजारोंनी येणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. ओहोटीला ठाण्याच्या खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा ते तिथे चरतात. भरती चढली, चिखल बुडाला, की थव्याने उठतात आणि या तळ्यांवर येऊन एका पायावर डुलक्या घेतात. खाडी म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर आणि ही तळी म्हणजे ओसरी. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये तिचं नाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं. ओसरी मात्र अभयारण्याच्या रेषेबाहेरच राहिली. शेठ, आपला धंदा त्या रेषेवर उभा आहे.

इथे गोल्फ कोर्स आणि त्याला लागून घरं अशी योजना सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, आखली होतीच. ‘लागून’ हा शब्द नीट बघा. गोल्फ हे लोणचं आहे. लोणच्यासाठी कोणी जेवायला बसत नाही, पण ताटाच्या फोटोत तेच उठून दिसतं. तिथली काही माणसं मात्र नुसता फोटो बघून गप्प बसेनात. ती कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने योजनेवर फुली मारली. खचू नका. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि आपल्याकडे कोर्टाच्या तारखांपेक्षा तळ्याचं आयुष्य जास्त असेल अशी खात्री कोणी द्यावी?

तोवर शब्दांकडे लक्ष द्या. ‘पाणथळ’ हा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. ‘सखल भूखंड’ म्हणा, ‘साचलेलं पाणी’ म्हणा. जमल्यास डासांचा उल्लेख करा, सोसायटीतले लोक लगेच तुमच्या बाजूने येतात. केंद्राचे २०१७ चे पाणथळ नियमही वाचून ठेवा. पिण्याचं पाणी, मत्स्यशेती, मीठ, सिंचन किंवा करमणूक यांसाठी माणसाने बांधलेली तळी त्यांतून वगळली आहेत. तेव्हा हे तळंही माणसानेच केलंय असं ठोकून द्या. कशासाठी केलं, असं कोणी विचारलंच तर करमणुकीसाठी. पक्ष्यांच्या.

एवढ्याने भागलं नाही तर भरतीचं पाणी आत आणणारा नाला आहेच. तो तुम्ही बुजवायचा नसतो. रस्ता, जेट्टी, राडारोडा, कशाने ना कशाने तो आपोआप बुजतो. पाणी आटलं की पक्षी जातात. पक्षी गेले की साहेबांना पाहणीला बोलवायचं आणि भेगा पडलेल्या जमिनीवर उभं राहून विचारायचं, “कुठाय हो तुमची पाणथळ?” २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्याच डीपीएस शाळेजवळच्या तळ्यात भरतीचं पाणी येईनासं झालं, तळं सुकलं आणि रोहित पक्षी मेल्याच्या बातम्या आल्या. तुम्ही बातमी होईपर्यंत ताणू नका. नाजूकपणे घ्या.

पाणी पूर्ण घालवलंच पाहिजे असंही नाही. दोन डबकी राहू द्या, खेळाला लागतात. गोल्फच्या भाषेत त्यांना वर्षानुवर्षं ‘वॉटर हझार्ड’ म्हणत आले, म्हणजे पाण्याचा अडथळा. २०१९ पासून नियमांत त्याचं नाव ‘पेनल्टी एरिया’ झालं. चेंडू पाण्यात गेला की एक फटका दंड. बघा, ज्या खेळात पाण्याकडे गेलं की शिक्षा होते, त्या खेळाइतकं जलसंवर्धन दुसरीकडे कुठे सापडणार?

आता गवत. गोल्फचं नावाजलेलं गवत बर्म्युडा. नाव ऐकून दबून जाऊ नका. ही आपली हरळी आहे. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. हीच हरळी खणून काढताना आपल्या आजोबांच्या पाठीचा काटा ढिला झाला आणि तरी ती शेतातून गेली नाही. तिचीच सुधारित संकरित वाणं आता मागवायची, रोज कातरायची, खत घालायचं, तिच्यात दुसरं काही उगवलं तर तणनाशक मारायचं. हरळीत उगवलेलं तण! आजोबा हयात असते तर त्यांनी हे ऐकून विळा खाली ठेवला असता. पाणी मात्र मनापासून द्यावं लागतं. अठरा भोकांना पन्नासेक हेक्टर जमीन लागते आणि उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी. कोणी विचारलं तर ‘प्रक्रिया केलेलं सांडपाणी’ एवढंच बोलायचं. ते येईपर्यंत काय वापरता, हे सहसा विचारत नाहीत.

दुष्काळात काय, ही तुमची शंका रास्त आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले. क्रिकेटचं चुकलं ते हे की ते लाखो लोक बघतात. गोल्फ भिंतीआड असतो. फ्रान्सकडून शिका. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथे शंभरावर गावांच्या नळाला पाणी नव्हतं, बागांना पाणी घालायला बंदी होती, आणि गोल्फच्या ‘ग्रीन’ला, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीला, मात्र सवलत होती. गोल्फ महासंघाच्या एका पदाधिकाऱ्याने समजावून सांगितलं की ग्रीनशिवाय गोल्फ म्हणजे बर्फाशिवाय स्केटिंगचं मैदान. तुलना सुंदर आहे, पाठ करून ठेवा. तुलुझजवळ आंदोलकांनी रात्रीतून भोकांत सिमेंट भरलं ती गोष्ट वेगळी. तेव्हा वॉचमनला रात्रपाळीचे पैसे वाढवून द्या. हाही रोजगारनिर्मितीचाच भाग.

आणि उच्च दर्जाचं उदाहरण हवं असेल तर स्कॉटलंड. अ‍ॅबर्डीनशायरमध्ये मेनी इथे समुद्रकाठी सरकत्या वाळूच्या टेकड्या होत्या, शास्त्रीय महत्त्वाच्या म्हणून संरक्षित. डोनाल्ड ट्रम्प यांनी तिथे गोल्फ कोर्स काढला. वाळू वाऱ्याने इकडेतिकडे भटकते तिला आपण स्थिर करू, हा पर्यावरणाचा विचार. म्हणजे नदी वाहते म्हणून तिला बांधून ठेवण्यासारखं, पण ते असो. कोर्स २०१२ मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये त्या टेकड्यांच्या तेवढ्या भागाचा संरक्षित दर्जा काढून घेण्यात आला, कारण संरक्षण करण्याजोगं तिथे फारसं उरलं नव्हतं. इतकी सुटसुटीत पूर्तता तुम्हाला कुठल्या मंजुरीत मिळेल? याच गृहस्थांनी समोरच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांना मात्र ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत विरोध केला. नजारा बिघडत होता म्हणे. २०१५ मध्ये ते हरले. निसर्गाची कळकळ असावी तर अशी, शेवटच्या अपिलापर्यंत.

कोणी पक्षीवाला दुर्बीण घेऊन आला तर वाद घालू नका, त्याला चहा पाजा आणि स्कोअरकार्ड दाखवा. ठरावीक फटक्यांपेक्षा एक कमी लागला तर ‘बर्डी’, दोन कमी लागले तर ‘ईगल’, तीन कमी तर ‘अल्बाट्रॉस’. इतके पक्षी एका कागदावर खुद्द त्याच्या वहीतही नसतील. आणि यांना भरती लागत नाही, चिखल लागत नाही, शेवाळही लागत नाही.

उद्घाटन मार्चमध्ये ठेवा. प्रवेशद्वारापाशी रोहित पक्ष्याचा एक पुतळा हवाच; शहर स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवतं, चौकाचौकात तसले पुतळे आहेत, करणारे कारागीर सहज मिळतील. वेळ मात्र भरतीची गाठा. त्या वेळी खाडीवरून उठलेले काही पक्षी जुन्या सवयीने इकडे येतील आणि उतरायला जागा शोधत तुमच्या नवव्या भोकावर घिरट्या घालतील. फोटोग्राफरला आधीच उभा करा. ब्रोशरच्या मुखपृष्ठाला तो फोटो लागेल, आणि पुढच्या मार्चला तो मिळेलच असं नाही.