प्रतिक्रियेला उत्तर : संस्कार, मित्र आणि माव्याची पुडी

सादर नमस्कार.

मावा खाऊ लागलेल्या नववी-दहावीच्या मुलांविषयी मी जे लिहिले, त्यावर आपले तीन आक्षेप आहेत : संस्कार पक्के असतील तर कोणताही मित्र मुलाला बिघडवू शकत नाही, मित्रांच्या दबावाची चर्चा करणे म्हणजे मुलांच्या हाती आयते निमित्त देणे, आणि मी दिलेले प्रयोगांचे दाखले अमेरिकेतले असल्याने त्यांचा सोलापूरशी काही संबंध नाही.

काय योग्य आणि काय अयोग्य हे संस्कारांमुळे कळते, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. परंतु टपरीपाशी उभ्या असलेल्या मुलाचे अडते ते तिथे नव्हे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या त्या पुडीने तोंडाचा कर्करोग होतो, हे त्याला पुरते ठाऊक असते. ठाऊक असलेली गोष्ट रोजच्या चार मित्रांसमोर बोलून दाखवणे, आणि तीही ‘काय बे, घाबरलास का?’ असे कोणी विचारल्यानंतर, हे त्याला जड जाते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात केलेले प्रयोग नेमके याच जागेवर बोट ठेवतात. त्यांत कागदावरच्या रेघांची लांबी जुळवायची होती, आणि काम इतके सोपे होते की एकट्याने करताना शंभरात एखादीही चूक होत नसे. पण आधी शिकवून ठेवलेल्या इतरांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले, की सुमारे एक तृतीयांश वेळा माणसे त्या चुकीला होकार देत. तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी असे झुकले. डोळ्यांना दिसत असूनही ते झुकले, म्हणून याला केवळ संस्कारांची उणीव म्हणता येत नाही. मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे निरीक्षण : इतरांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी झुकण्याचे प्रमाण आधीच्या साधारण पाव हिश्शावर येत असे.

हे अमेरिकेपुरते नाही. १७ देशांत झालेल्या अशा १३३ प्रयोगांचा एकत्रित आढावा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ज्या समाजांत व्यक्तीपेक्षा समूहाला अधिक मान आहे, तिथे झुकण्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे आपला आक्षेप खरा धरला, तर आपल्याकडची काळजी वाढायला हवी.

निमित्ताविषयी. मुलगा का झुकला हे समजून घेणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे. आणि झुकतो तो काही मुलगाच असे नाही. गल्लीतल्या चार घरांनी आठवीपासून क्लास लावला म्हणून, मुलाची इच्छा न विचारता, आपणही पैसे भरणारे पालक मी दरवर्षी पाहतो. फरक असा की वयाबरोबर माणूस बराच सावरतो. २००५ मधल्या एका अभ्यासात गाडी चालवण्याचा खेळ काहींना एकट्याने आणि काहींना मित्रांसमोर खेळायला दिला, तेव्हा मित्र पाहत असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी कितीतरी अधिक धोके पत्करले, तर चोविशीपुढच्या माणसांत जवळपास फरक पडला नाही.

म्हणून ‘ठामपणे नाही म्हण’ एवढ्या उपदेशावर माझा भरवसा नाही. जानेवारीत होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेला पाच जण निघाले, की त्यांतला एक तरी आपल्या मुलासारखाच नाइलाजाने मान डोलावत असतो, पण दोघांनाही ते कळत नाही. निघण्यापूर्वी त्या दोघांचे आपसांत बोलणे झाले, तर पुडी नाकारणे पुष्कळ सोपे जाते. दुसरा उपाय पळवाटेचा आहे. ‘घरी वास कळतो, आई घरात घेणार नाही’ असे आईचे नाव मुलाने खुशाल पुढे करावे. किंवा ठरलेला निरोप येताच वडिलांनी फोन करून त्याला लगेच घरी बोलवावे आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारू नये. चौकशी सकाळी करता येते. आणि ‘हल्लीची सगळीच पोरं खातात’ हे वाक्य आपण मोठ्यांनी मुलांसमोर तरी उच्चारू नये, कारण न खाणाऱ्या मुलाला आपण एकटेच उरलो आहोत असे त्यातून वाटू लागते.

शेवटी आपण विचारले आहे की, मग पालकांनी कठोर व्हायचेच नाही का? अवश्य व्हावे, पण दुकानदाराशी. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे, दोन्हीला २००३च्या कायद्याने बंदी आहे. टपरीवाला ओळखीचा असल्याने त्याला हे सांगायला एकट्या पालकाची जीभ रेटत नाही, हे मी जाणतो. तेव्हा वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलाच्या पालकांना बरोबर घेऊन जावे.