डाळीचं पाणी आणि पाउचमधली प्युरी

एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने नेस्ले कंपनीच्या सेरेलॅक या बाळांच्या डबाबंद अन्नातल्या साखरेवर अहवाल काढला आणि आपल्याकडे बाळांच्या खाण्यावरून चर्चा पेटली. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये दर वाढणीला सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर, आणि ब्रिटन-जर्मनीत सहा महिन्यांच्या बाळासाठी मिळणाऱ्या तशाच गव्हाच्या सेरेलॅकमध्ये शून्य. राग यायलाच हवा होता, आणि तो आला; त्याच वर्षी कंपनीने भारतातही बिनसाखरेचे प्रकार जाहीर केले. पण या चर्चेतून घरोघरी पोचलेला निष्कर्ष मला मान्य नाही. डब्यातलं वाईट, घरचं आपोआप चांगलं, असं तो सांगतो.

मी राहते त्या ब्रिटनमध्ये वाद वेगळाच आहे. चमच्याने भरवायचं, की अन्नाचे लांबट तुकडे बाळाच्या हातात देऊन त्यालाच खाऊ द्यायचं, यावर इथे आईबाप तासन्‌तास बोलतात. मात्र सुपरमार्केटच्या फळीवरून घरात येतो तो तोटीतून चोखायचा प्युरीचा पाउच. दोन्ही देशांतली बाळं पाहताना मला एकच दोष दिसतो: अन्न फार पातळ, आणि फार काळ पातळ.

सहा महिन्यांपर्यंत आपण या लोकांच्या कितीतरी पुढे आहोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिन्यांखालच्या ७१ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळत होतं. ब्रिटनच्या २०१० च्या सर्वेक्षणात पूर्ण सहा महिने निव्वळ स्तनपानावर राहिलेली बाळं होती सुमारे १ टक्का. गाडी घसरते ती वरचं अन्न सुरू झाल्यावर. त्याच फेरीत भारतातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता, आणि महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. हे सगळं डब्यातल्या साखरेमुळे झालेलं नाही.

साधा हिशोब बघा. आईचं दूध चालू असलेल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. ९ ते ११ महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी मावतं सुमारे २०० मिलिलिटर. आता ३० ग्रॅम तांदूळ, १५ ग्रॅम मुगाची डाळ आणि एक छोटा चमचा (५ ग्रॅम) साजूक तूप घ्या. यात २०० कॅलरी आहेत. पाऊण-एक वाटी पाणी घालून कुकरला मऊ शिजवली, घोटली आणि वरून तूप घातलं, की दोन छोट्या वाट्या घट्ट खिचडी होते आणि दोन वेळांत दिवसाची गरज भागते. हीच खिचडी 'बाळाला जड नको' म्हणून लिटरभर पाण्यात पेजेसारखी केली, तर पोट गच्च भरल्यावर बाळाच्या वाट्याला येतात ४० कॅलरी. डाळीच्या वरच्या पाण्यात तर त्याहूनही कमी, कारण सत्त्व खाली बसलेल्या डाळीत आहे. मटणाच्या सुपाचंही तेच. लोह आणि प्रथिनं मांसात राहतात, आणि बाळाला मिळतं चवीचं पाणी. सूप मोठ्यांनी प्यावं आणि बाळाला खिमा वाटून द्यावा.

परीक्षा सोपी आहे. चमचा तिरका केला तर अन्न ओघळता कामा नये.

'पण घट्ट दिलं तर गिळत नाही' ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावरचा उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. मोड आलेल्या धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिष्ट तोडून घट्ट लापशी पाणी न घालता सैल करतं. नाचणी बारा तास भिजवून, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड आणायचे, उन्हात कडकडीत वाळवायची, आणि अगदी मंद आचेवर वास सुटेपर्यंतच परतून दळायची. खमंग भाजली की विकर मरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. घट्ट लापशी शिजली की आच बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, या पिठाचा अर्धा चमचा घालून ढवळायचं, सैल झाली की पुन्हा एक उकळी आणायची. उकळत्यात पीठ टाकलं तर काहीच घडत नाही; शेवटची उकळी टाळली तर मोडांमधले जंतू तसेच राहतात.

यात एक अडचण आहे. अनेक घरांत नाचणीचं सत्त्व म्हणजे ती भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवलेला असतो. ज्या टरफलात कॅल्शियम आणि लोह आहे ते चोथ्याबरोबर फेकलं जातं आणि हातात उरतं बहुतांशी पिष्ट. पहिले काही दिवस चालेल. आठव्या महिन्यात नाही.

इथल्या पाउचकडे वळते. पुढच्या बाजूला पालक आणि ब्रोकोलीचं चित्र, मागच्या यादीत आधी सफरचंद आणि नाशपाती. फळाची गुळगुळीत प्युरी केली की पेशींत बंद असलेली साखर मोकळी होते, आणि तोटीतून चोखताना ती दातांवर रेंगाळते. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने कंपन्यांना साखर-मीठ कमी करायला अठरा महिने दिले, तेही ऐच्छिक. जाहिरातीच्या बाबतीत आपला कायदा इथल्यापेक्षा कडक आहे. १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद अन्नाची जाहिरातच बंद केली. इथे सहा महिन्यांनंतरच्या दुधाच्या जाहिराती आजही टीव्हीवर दिसतात. हा कायदा इथे कोणी उचलला तर मला आनंद होईल.

पाउचचं आणि मिक्सरमधल्या पेस्टचं मोठं नुकसान चावण्याचं आहे. इंग्लंडमधल्या एव्हन भागात हजारो मुलांच्या पाहणीत असं आढळलं की ज्यांना गाठीगाठीचं अन्न नऊ महिन्यांनंतर सुरू झालं, ती सात वर्षांची झाल्यावरही खाण्यात जास्त नखरे करत होती. तेव्हा सातव्या महिन्यात चमच्याने कुस्करा, आठव्या-नवव्यात गाठी राहू द्या, आणि सोबत हातात धरायला मऊ वाफवलेल्या गाजराची किंवा भोपळ्याची बोटभर फोड द्या. ओकारीचा उमाळा येईल, चेहरा लाल होईल, आवाज येईल. तो शिकण्याचा भाग आहे. घास अडकलेलं बाळ मात्र आवाज करू शकत नाही, म्हणून समोरून उठायचं नाही. द्राक्षं उभी चार भागांत चिरायची. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नाहीत.

दाण्याचा कूट मात्र लवकर. लंडनमध्ये झालेल्या 'लीप' अभ्यासात (२०१५) ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यान शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात पाच वर्षांपर्यंत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. त्या बाळांना दिलेलं प्रमाण होतं आठवड्याला ६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे साधारण २५ ग्रॅम कूट, तीन वेळा विभागून. सहाव्या महिन्यानंतर सकाळच्या वेळी पाव चमचा बारीक कूट मऊ भातात मिसळून सुरुवात करावी. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

लोहाच्या बाबतीत इथल्या मराठी कुटुंबांची विशेष काळजी वाटते. भारतात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं औषध (२० मिलिग्रॅम लोह) देण्याचा कार्यक्रम आहे. ब्रिटनमध्ये असं सरसकट देत नाहीत. इथे 'अ', 'क' आणि 'ड' जीवनसत्त्वांचे थेंब सांगतात, लोह मात्र जेवणातूनच मिळेल असं गृहीत आहे. दिवसाला ७.८ मिलिग्रॅम लोह लागतं आणि वर सांगितलेल्या खिचडीत १ मिलिग्रॅमही नसतं. शाकाहारी घरातलं बाळ दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या फटीत पडतं. म्हणून हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे बाळाच्या तब्येतीवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या परिचारिकेला, बाळ शाकाहारी आहे हे स्पष्ट सांगावं. डाळीवर लिंबू पिळावं, आणि वर्षानंतर दूध दिवसाला ३५०-४०० मिलिलिटरवर थांबवावं. लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाला जेवणाची भूक उरत नाही.

शाळा-अंगणवाडीत मुलांना अंडं द्यावं की नाही, हा आपल्याकडचा वाद इथून पाहताना फार जिवाला लागतो. आदिवासी भागांतल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी मिळतात आणि न खाणाऱ्यांना केळी. शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी मात्र राज्याने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला. अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात, केळ्यात एक. ज्या घरात अंडं चालत नाही तिथल्या मुलाला केळ्याऐवजी २५ ग्रॅम कूट गुळाबरोबर किंवा दह्यात कालवून द्या, म्हणजे प्रथिनं भरून निघतील. आणि ज्या घरात चालतं, तिथल्या मुलाचं अंडं दुसऱ्या कोणाच्या श्रद्धेसाठी काढून घेऊ नका.