पोराला महागडा हेडफोन घ्यायचाय? घ्याच!

अहो विचार कसला करताय, घेऊन टाका. पोरगं दिवसभर यूट्यूबवर कोणीतरी गेम खेळताना किंचाळतोय ते ऐकतं, आणि ते किंचाळणं साध्या हेडफोनमधून ऐकवायचं म्हणजे अन्यायच की! फक्त बॉक्सवर ४० किलोहर्ट्झ, म्हणजे किती उंच पट्टीतला बारीक आवाज निघतो त्याचा आकडा, लिहिलंय ना ते बघून घ्या. माणसाच्या कानाला २० च्या वरचं ऐकू येत नाही, आपल्या वयात तर तेवढंही नाही, पण वरचे २० मिळतायत तर सोडायचे कशाला? व्हिडिओतला आवाज आधीच कॉम्प्रेस केलेला असतो, ब्लूटूथवरून जाताना परत दाबला जातो, असलं काहीबाही सांगणारा एखादा नातेवाईक असतोच, त्याच्याशी बोलणं कमी करा.

नॉइज कॅन्सलेशन हवंच. ते मुख्यतः पंख्याची, विमानाची एकसुरी घरघर कापतं, माणसाच्या आवाजावर त्याचा फारसा जोर चालत नाही. म्हणजे तुमच्या तिसऱ्या हाकेनंतर येणारं "ऐकूच नाही आलं" याच्यात हेडफोनचा हात किती आणि चिरंजीवांचा किती, हे खोदत बसू नका, एवढे पैसे घातलेत तर समाधान मानून घ्या.

आता आवाजाचं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मुलांसाठी आवाज ७५ डेसिबल असला तर आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५. आठवड्याचे हां, दिवसाचे नाही, सुट्टीत आपलं पोरगं एवढं दुपारच्या जेवणाआधी उरकतं. लहान मुलांच्या स्वस्तातल्या हेडफोनवर बऱ्याचदा ८५ ची मर्यादा असते, तीही जास्तच, पण निदान असते तरी. तुम्ही घेताय तो मोठ्यांचा, भारीतला, शंभरच्या पुढे सहज जाणारा, त्याला मर्यादा घालायची तर फोनच्या सेटिंगमध्ये जावं लागतं आणि तिथला पासवर्ड घरात फक्त पोरालाच माहितीये. आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, एकदा मेल्या की परत उगवत नाहीत म्हणे. असू दे, हेडफोनला तर वर्षाची वॉरंटी आहे ना?

बाकी काळजी नको, मुलं वस्तू फार जपून वापरतात. एका बाजूचा कप धरून खस्सकन ओढून काढणं, त्याच्यावरच डोकं ठेवून झोपणं, आणि गणिताचं पुस्तक समोर असलं की नखाने इअरपॅडचं रेक्झिन सोलत बसणं, ते काळे कपचे मग उशीवर, कानामागे, कधीकधी वरणातसुद्धा सापडतात. हेडबँड मोठ्या डोक्याचा, त्यामुळे मान खाली घातली की अख्खं प्रकरण घसरून नाकावर.

मोडला की चिकटपट्टी लावून तुम्ही वापरा, ऑफिसच्या मीटिंगला चालतो. त्याला नवीन मॉडेल घ्या, वर्गात सगळ्यांकडे आहे म्हणतोय.