निवांत बसायचं, बरं का!

पुण्याहून दादाचा फोन आला. "नाताळात चार दिवस साताऱ्याला येतोय. पण आधीच सांगतो, कुठंही फिरायचं नाही. निवांत बसायचं, गप्पा मारायच्या."

सातारकराला असलं बोलणं गोड लागतं. २५ डिसेंबरपासून एक तारखेपर्यंत निम्मं पुणे महाबळेश्वरच्या वाटेवर पसरणीच्या घाटात गाड्या लावून उभं असतं, आणि आम्ही इथं बसून "यंदा किती तास?" एवढंच विचारतो.

पण निवांत बसायचं म्हणजे आधी अंघोळी उरकायला हव्यात. माणसं सात, गीझर पंधरा लिटरचा, त्यात बाहेर थंडी. दोन जण न्हाऊन निघाले की तिसऱ्याची किंकाळी ठरलेली. शेवटी आईनं माळ्यावरचा तांब्याचा बंब काढायला लावला. लहानपणी रोज बंब पेटवलेली आम्ही दोघं भावंडं. तरी अर्धी रद्दी संपली आणि पेटला फक्त धूर. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारून गेल्या, "काय जळतंय का हो?" तोवर अकरा वाजले.

मग गच्चीत सतरंजी टाकली. गप्पा सुरू होणार, तेवढ्यात दादाला ऑफिसचा फोन आला ("पाचच मिनिटं"), पोरं मोबाईलमध्ये शिरली, आणि ऊन सरकलं म्हणून सतरंजी सरकवण्यात बाकीच्यांची शक्ती गेली. आता बसतोय म्हणेस्तोवर आईनं मधोमध पावट्याच्या शेंगांची पिशवी ओतली.

"गप्पाच मारताय न्हवं? हात रिकामेच आहेत."

पावटा सोलणं म्हणजे काय, ते सोलणाऱ्यालाच माहीत. बोटं चिकट, वास दिवसभर जात नाही. तिसऱ्याच शेंगेत पुतणीला अळी दिसली आणि ती थेट जिन्यात पोचली. दादानं चौथी शेंग खाली ठेवली. "काय म्हणतो, जरा बाहेर जाऊन यायचं का?"

विरोधात एकही मत पडलं नाही. कास? डिसेंबरात तिथं वाळलेलं गवत बघायचं. सज्जनगड? "पायऱ्या आहेत," वहिनी. राहिलं महाबळेश्वर.

"पसरणीला गर्दी असते. आपण मेढ्याकडनं जाऊ," दादा हळू आवाजात म्हणाला, "हे पुणेकरांना ठाऊक नसतं." स्वतः पुण्यात राहून वीस वर्षं झाली, पण असो.

केळघरच्या घाटात ठाऊक नसलेले सगळे आमच्या पुढे उभे होते. एमएच १२, एमएच १४, परत एमएच १२. इंजिनं बंद. रेंज नाही. पोरांनी मोबाईल खिडकीबाहेर धरून बघितले, मग खिशात ठेवले. गाडीत शांतता पसरली.

तेवढ्यात मागच्या सीटवर काहीतरी खसखसलं. आईनं मांडीवर पेपर पसरला होता. पायाशी तीच पिशवी.

"घ्या."

"आई, मी गाडी चालवतोय," दादा म्हणाला.

"कुठं चालतीय?"